‘आई, तू मला गॅसलाइट करतेयस’

आलेलं पत्र, थोडं आखडून:

‘माझं वय ५८. सातारा जिल्ह्यात राहते. मुलगी २६ वर्षांची, पुण्यात नोकरीला. मागच्या महिन्यात फोनवर बोलता बोलता जुना विषय निघाला. ती सहावीत असताना धाकट्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती, आमच्या मुंबईला सारख्या फेऱ्या चालू होत्या, म्हणून तिला कऱ्हाडला माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं. ती म्हणाली, “वर्षभर मला तिथं टाकलंत. रोज फोनवर रडायचे, न्यायला या म्हणायचे, तुम्ही आला नाहीत.” मी म्हटलं, “असं काही झालंच नव्हतं. एक सत्र होतीस, आणि मावशीकडे मजेत होतीस. तुझं आपलं काहीतरीच.” त्यावर ती म्हणाली, “आई, तू मला गॅसलाइट करतेयस,” आणि फोन ठेवून दिला. मुलाला अर्थ विचारला. तो म्हणाला, “समोरच्याला वेडं ठरवायचं, असा छळ.” तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. बोलणं कामापुरतं उरलंय. गौरी-गणपतीला ती घरी येतेय. मी माझ्या लेकीचा छळ केला का? आणि आली की तिच्याशी काय बोलू?’

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज रात्री झोप लागेल. नाही. तुम्ही जे लिहिलंय त्याला गॅसलाइट करणं म्हणत नाहीत. पण एवढ्यावर हे पान मिटून ठेवू नका. तुमच्या मुलीने तो शब्द उगाच तोंडात आला म्हणून फेकला, असं मला वाटत नाही. तो कुठून आला हे कळलं, तर तिला काय म्हणायचं होतं तेही कळेल.

या क्रियापदाचा जन्म एका नाटकातला. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचं ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या रिचमंडमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं. नाटकातला काळ १८८० चा, लंडनमधलं एक अंधारं घर. त्या काळी घरातले दिवे नळीने येणाऱ्या गॅसवर जळायचे. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या गॅसबत्त्या रॉकेलच्या आणि पंप मारायच्या, त्या वेगळ्या. मुंबईत रस्त्यांवर १८६५ मध्ये लागलेले दिवे मात्र याच जातीचे, नळीच्या गॅसचे. त्या गॅसचा स्वभाव चाळीतल्या पाण्यासारखा होता: खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते. घरात एका ठिकाणी नवा दिवा पेटवला की दुसऱ्या खोलीतली ज्योत खाली बसायची.

नाटकातला नवरा रोज संध्याकाळी बाहेर जातो म्हणून सांगतो आणि चोरवाटेने त्याच घराच्या बंद ठेवलेल्या वरच्या मजल्यावर येतो. पूर्वी याच घरात त्याने एका म्हातारीचा माणकांसाठी खून केलेला असतो. माणकं हाती लागलेली नसतात, म्हणून तो रोज रात्री ती शोधत असतो. शोधायला उजेड हवा, म्हणून वरचा दिवा पेटवतो. खाली एकट्या बसलेल्या बायकोला, बेलाला, दिवा मंदावताना दिसतो. वर पावलं वाजलेली ऐकू येतात. पण तोवर तिचा स्वतःवरचा विश्वास उडालेला असतो. कारण हा गृहस्थ दिवसा भिंतीवरचं चित्र स्वतः काढून लपवतो आणि ‘तूच काढलंस, आणि आता तुला आठवतही नाही’ असं तिला नोकरांदेखत सुनावतो. वस्तू नाहीशा होतात, तिच्याच ठिकाणी सापडतात. तिची आई वेड लागून गेलेली असते, त्याचीही तो आठवण करून देतो. पुढे एक निवृत्त पोलीस अधिकारी घरी येतो, तिचं म्हणणं ऐकून घेतो आणि दिवा का मंदावतो ते तिला सांगतो. बेलाला त्या क्षणी खूनाच्या उलगड्यापेक्षा मोठं काहीतरी मिळतं: आपल्याला दिसत होतं ते खरं होतं.

या नाटकावर १९४० मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९४४ मध्ये हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाले. दुसऱ्यासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. तिथून हे नाव हळूहळू बोलण्यात उतरलं आणि त्याचं क्रियापद झालं. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले होते की ज्यांना घरच्यांनीच, काटा काढायचा म्हणून, मनोरुग्ण ठरवून रुग्णालयात पाठवायचा घाट घातला होता. लेखाला नाव याच नाटकाचं दिलं होतं. म्हणजे शब्दाचं वजन काय आहे पाहा. त्यात हेतू आहे, डाव आहे, आणि तो डाव पुन्हा पुन्हा खेळला जातो. समोरच्याचा आपल्या डोळ्यांवरचा, आठवणीवरचा, अकलेवरचा भरवसा मोडायचा, कारण तो मोडला तरच आपलं काहीतरी लपून राहणार असतं.

इंग्रजीत हे क्रियापद सकर्मक आहे आणि त्याचं कर्म नेहमी माणूस असतं. खरी गोष्ट दडवणं म्हणजे गॅसलाइट करणं नव्हे. एखाद्या माणसाला त्याच्याच मनाबद्दल शंका यायला लावणं म्हणजे गॅसलाइट करणं. एकदा थाप मारली तर ते खोटं बोलणं झालं. भांडणात आवाज चढवला तर तो राग. दोघांना एकच प्रसंग वेगवेगळा आठवला तर तो मतभेद, आणि प्रत्येक घरात तो असतो. या सगळ्यांना आजकाल हाच एक शब्द लावतात. २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला, इतका तो लोक शोधत होते. मला स्वतःला हा सढळ वापर खटकतो, आणि कारण साधं आहे: ज्या बाईला घरात खरोखर वेडं ठरवलं जातंय, तिच्याकडे सांगायला हाच शब्द असतो. तो सगळ्यांनी सगळ्यासाठी वापरला की तिचं ऐकणार कोण?

तुमच्या मुलाने सांगितलेल्या अर्थाला आपल्याकडे जवळचा शब्दप्रयोग म्हणजे ‘वेड्यात काढणं’. पण ‘मला वेड्यात काढतोस काय?’ असं जो म्हणतो तो स्वतः ठाम असतो. समोरचा आपल्याला बनवतोय हे त्याला कळलेलं असतं, म्हणून तर तो उसळतो. ज्याला खरंच गॅसलाइट केलंय तो उसळत नाही, तो गप्प होतो, आणि दार लावलं की नाही ते चार वेळा उठून बघतो. त्यापेक्षा ब्राह्मण आणि तीन ठगांची लहानपणीची गोष्ट जास्त जवळची. खांद्यावर धडधडीत बोकड आहे. पहिला ठग म्हणतो कुत्रं, ब्राह्मण हसतो. दुसरा म्हणतो कुत्रं, तो खाली उतरवून बघतो. तिसऱ्याच्या वेळी तो बोकड टाकून पळतो. शाळेत आपण त्या ब्राह्मणाला भोळा म्हणून हसलो. आता वाटतं, तीन जणांनी ठरवून एकच गोष्ट सांगितली तर आपल्यापैकी किती जण बोकड खांद्यावर ठेवतील?

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी खरोखर असं चाललं असेल, तर त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. वस्तू हलवून तुमच्यावर ढकलल्या जात असतील, काल बोललेलं आज ‘मी बोललोच नाही’ होत असेल, आणि तुमच्या मागे नातेवाइकांना ‘तिचं डोकं ठिकाणावर नाही’ असं सांगितलं जात असेल, तर घडलेलं त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा, आणि ते लिखाण घराबाहेरच्या एका भरवशाच्या माणसाला माहीत असू द्या. वाद घालून पटवायच्या फंदात पडू नका. ज्याला पटवून घ्यायचंच नाही त्याला पुरावा दाखवला की तो पुरावाच नाहीसा होतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारच मानलाय. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि मनावरचा ताण बोलायचा असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा नंबर.

आता तुमच्याकडे येते, ताई. तुमचा हेतू नव्हता, डाव नव्हता, लपवायचं काही नव्हतं. तरी तुम्ही फोनवर काय बोललात ते पुन्हा वाचा. ‘असं काही झालंच नव्हतं.’ ‘तू मजेत होतीस.’ ‘तुझं आपलं काहीतरीच.’ आपण सगळ्याच आया ही वाक्यं दिवसातून दहादा बोलतो. मुलाला गुडघ्याला खरचटलं तरी ‘काही नाही झालं’ म्हणतो, आणि तेव्हा ते धीर द्यायलाच म्हटलेलं असतं. पण लेकीच्या कानाने ऐका. पहिल्या वाक्यात तुम्ही प्रसंगच खोडला. दुसऱ्यात तिच्या मनात तेव्हा काय होतं ते तुम्ही तिला सांगितलंत. तिसऱ्यात तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यासारखं काही नसतंच, असा शेरा मारलात. ‘मला तसं आठवत नाही गं’ एवढंच म्हणाला असतात, तरी ती कदाचित चिडली असती, पण तो शब्द तिला सुचला नसता.

एक विचारू? ती मजेत होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तर मुंबईत होतात, रुग्णालयाच्या बाकड्यावर, एका लेकराची छाती उघडणार या धास्तीत. सांगितलं असणार बहिणीने, फोनवर. आणि ती दुसरं काय सांगणार होती? ‘तू इकडची काळजी करू नकोस, पोरगी मजेत आहे’ हेच कुठलीही शहाणी बहीण सांगेल. तुम्हाला तेव्हा त्या वाक्याची गरज होती, तुम्ही ते धरून ठेवलंत, आणि आज तेच तुमची आठवण होऊन बसलंय. दिवसा मावशीच्या मुलांबरोबर ती खेळतही असेल, हसतही असेल. रात्री अंथरुणात काय व्हायचं, याला साक्षीदार ती एकटीच.

आणखी एक, पत्रात मला सगळ्यात आधी दिसलं ते. तुम्ही लिहिलंय ‘ठेवलं होतं’. ती म्हणाली ‘टाकलंत’. प्रसंग एक, क्रियापदं दोन. अमेरिकेत १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि मोटारींचा वेग किती होता ते विचारलं. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. मोटारी एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती, असं विचारलं त्या गटाने सरासरी ताशी जवळपास ४१ मैल सांगितला. एकमेकींना ‘टेकल्या’ तेव्हा किती, असं विचारलं त्यांनी ३२. दुसऱ्या एका खेपेला, आठवड्याने, फुटलेल्या काचा पाहिल्या का असं विचारलं. फितीत काच फुटलेलीच नव्हती. ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती दिसलेली आठवली, ‘धडकल्या’ असा साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना.

तुमच्या घरात पंधरा वर्षं हेच झालंय. तुम्ही मनाशी ‘ठेवलं’ म्हणत आलात, त्यामुळे तुम्हाला आठवतं ते कऱ्हाडचं घर, पाठीवरून फिरणारा मावशीचा हात, वेळेवरचं जेवण. ती ‘टाकलं’ म्हणत आली, म्हणून एका सत्राचं वर्ष झालं आणि अधूनमधून केलेल्या रडारडीचं ‘रोज’ झालं. दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नाही. तुमची तारीख बरोबर असेल. पण अकरा वर्षांच्या मुलीला आपला भाऊ जगतो की नाही हे कुणी नीट सांगत नाही, आई फोनवर दोन मिनिटं भेटते आणि घरी कधी जायचं ते माहीत नसतं, तेव्हा चार-पाच महिने किती लांबतात हे मोजायला कॅलेंडर कामाचं नाही.

म्हणून ती आली की त्या इंग्रजी शब्दापासून सुरुवात करू नका. त्याचा खरा अर्थ तिला समजावायला गेलात, मी वर लिहिलंय ते सगळं ऐकवलंत, तर तुमचंच बरोबर ठरेल आणि ती पुन्हा एकदा न ऐकलेली राहील. गौरी जेवणाच्या दिवशीही हा विषय नको. घर माणसांनी भरलेलं असतं, पुरणाचा घाणा, आरतीची गडबड, आणि कुणीतरी मध्येच ‘काय झालं गं?’ विचारतं. दोघीच असाल अशी वेळ बघा. रात्री भांडी आवरून झाल्यावर, किंवा तिला एसटीला सोडायला जाताना. मग तुमच्याच शब्दांत, पण साधारण असं बोला: ‘कऱ्हाडला तू रडायचीस, ते मी तेव्हा ऐकून घेतलं नाही. परवा फोनवरही घेतलं नाही. काय व्हायचं गं तिथं? सांग मला.’

एवढं बोलून थांबा. पुढचं तिला बोलू द्या. ती सांगेल त्यात तुमच्या हिशेबाने चुका असतील. तारीख चुकेल, कोण काय म्हणालं ते चुकेल, मावशीवर थोडा अन्यायही होईल. त्या दुरुस्त करायला ओठांवर ‘अगं पण’ येईल. ते गिळा. तुमची बाजू आहे, आणि ती फार खरी आहे. नवऱ्याची रजा, पैशांची जुळवाजुळव, डॉक्टरांनी दिलेली तारीख, ऐनवेळी पुढे ढकललेली तारीख, हे सगळं तिला कळायला हवं, आणि तिने ‘मग तुम्ही आला का नाहीत?’ असं विचारलं की सांगा. न विचारता सांगितलंत तर ते समर्थन वाटेल. विचारल्यावर सांगितलंत तर ती ऐकेल. ती २६ वर्षांची आहे, हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे काय हे तिला आता समजतं. तेव्हा समजत नव्हतं, आणि तेव्हाचीच मुलगी आत्ता फोनवर बोलली.

‘चुकलं माझं’ म्हणायचं का, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. तिला मावशीकडे ठेवलंत हे चुकलं, असं मला वाटत नाही. तुमच्या जागी दुसरं कुणी दुसरं काय केलं असतं? त्यासाठी माफी मागू नका, ती खोटी होईल आणि तिला ते लगेच कळेल. परवाच्या ‘तुझं आपलं काहीतरीच’बद्दल मात्र ‘असं बोलायला नको होतं मी’ म्हणा, कारण ते तुम्हाला आतून पटलेलं आहे. पत्रातल्या प्रत्येक ओळीत ते दिसतंय.

आणि तो शब्द तुम्हाला लागला, हेही तिला कधीतरी सांगा. त्याच दिवशी नको. आधीचं बोलणं मुरू द्या. मग एखाद्या साध्या संध्याकाळी म्हणा की छळ करणारी असं ऐकून माझ्या काळजात चर्र झालं होतं. तिच्या वयाची मुलं हा शब्द मैत्रिणींत, कचेरीत, फोनवर इतका ऐकतात की त्याची धार त्यांना जाणवत नाही. तुमच्या चेहऱ्यावर ती पाहील तेव्हा तिला जाणवेल, आणि मोठ्या मुलीला एवढं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

धाकट्यासमोर हे बोलणं काढू नका. त्याच्या आजारपणामुळे बहिणीची आबाळ झाली, हे ओझं त्याच्या डोक्यावर यायला नको. तुमच्या बहिणीलाही साक्षीला बोलावू नका. ‘विचार बरं मावशीला, रडायचीस का तू?’ असं झालं की मावशी तुमची बाजू घेईल आणि मुलीला पुन्हा दोघींनी मिळून खोडून काढल्यासारखं होईल. पुढे मुलीलाच वाटलं तर ती मावशीशी बोलेल. त्या दोघींचं नातंही तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

सणाला अजून अवकाश आहे, आणि कामापुरतं बोलणं फार दिवस चाललं की तीच सवय होऊन बसते. म्हणून आज-उद्याच तिला एक फोन करा. विषय काढायचा नाही. फक्त म्हणा, ‘परवाचं माझ्या डोक्यात आहे. तू आलीस की मला ते सगळं नीट ऐकायचंय.’ ती ‘बरं’ म्हणून ठेवून देईल कदाचित. देऊ दे.